घानाचा शेतकरी आणि घानाचे राज्य

शेतीवर जगणाऱ्या दरिद्री राष्ट्राने संपन्न व्हावे कसे, या प्रश्नाची उत्तरे ग्रंथांतरी पुष्कळ सापडतात. कारखाने काढा, असे एक म्हणतो. धरणे बांधा, असे दुसरा म्हणतो. परकीय भांडवलास दार उघडा, असे तिसरा सांगतो, तर परकीयांस आधी घालवून द्या, असा चौथ्याचा आग्रह असतो. नवल हे की, ही सर्व उत्तरे एकाच देशाने, एका मनुष्याच्या आयुष्यात मावतील एवढ्या वर्षांत, पाळीपाळीने करून पाहिली. तो देश म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील घाना. १९५७ पूर्वी त्याचे नाव गोल्ड कोस्ट असे होते. आमच्या नियतकालिकांत आफ्रिकेविषयी जे थोडेबहुत येते त्यात वन्य पशू असतात, दुष्काळ असतो, बंडाळ्या असतात; शेतकरी सहसा नसतो. घानाच्या इतिहासात तर मुख्य पात्र तोच आहे. सबब ती हकीकत जरा विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ एका लोहारापासून करावा लागतो. टेटे क्वार्शी हा अक्रा शहराकडील गा जमातीचा कारागीर पोटासाठी फर्नांडो पो या स्पॅनिश बेटावर गेला होता. त्या बेटावर कोकोच्या बागा होत्या. परत येताना त्याने कोकोचे बी बरोबर आणले आणि १८७९ च्या सुमारास अक्वापिम डोंगरावरील मम्पाँग गावी लावले. बासेलच्या मिशनऱ्यांनी त्यापूर्वी हा उद्योग करून पाहिला होता, पण तो तडीस गेला नव्हता. पुढे इंग्रज सरकारनेही अबुरी येथे बाग करून रोपे वाटली. तेव्हा सगळे श्रेय लोहारास द्यावे की नाही, याविषयी पंडितांचा वाद आहे. लोकांनी मात्र ते त्यालाच दिले, आणि आम्हांसही त्यात काही वावगे दिसत नाही. १८९१ मध्ये या देशातून बाहेर गेलेला कोको अवघा ८० रत्तल होता. १९११ मध्ये सुमारे ४० हजार टन कोको पाठवून हाच देश जगात पहिला आला!

या वीस वर्षांत घडले ते काय घडले? सरकारने शेतकऱ्यास कर्ज दिले नव्हते. गोऱ्या मळेवाल्यांच्या मोठ्या इस्टेटी तेथे नव्हत्या. आगगाडी १९०३ मध्ये कुमासीस पोहोचली ती प्रामुख्याने सोन्याच्या खाणींसाठी व अशांती मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी. बहुतेक ठिकाणी कोको माणसांच्या डोक्यावरून बंदरास जाई, किंवा पिंपांत भरून ती पिंपे मैलोगणती रस्त्याने लोटत नेत. अधिकाऱ्यांचा समज असा की, अडाणी कुणब्याने झोपडीभोवती चार झाडे लावली आणि दैव त्यास अनुकूल झाले. हा समज बराच काळ टिकला.

तो खोडून काढला पॉली हिल या विदुषीने. ही केन्स या विख्यात अर्थशास्त्रज्ञाची भाची. ग्रंथालयात बसून आफ्रिकी शेतकऱ्याविषयी सिद्धान्त मांडण्यापेक्षा त्याच्या बांधावर जाऊन त्यालाच विचारावे, एवढी साधी गोष्ट तिने केली, आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे फळ मांडले. अक्वापिम डोंगरावरचे लोक गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात पामतेलाचा व्यापार करीत. त्यात पैसा उरेना तेव्हा, १८९० नंतर, ते डेन्सू नदी ओलांडून अकिम अबुआक्वा राज्याच्या ओस अरण्यात शिरले. तेथील राजांकडून त्यांनी जमीन रोख मोलाने विकत घेतली. एकट्याची ऐपत नसेल तेथे दहावीस जणांनी मंडळी करून पैसा घातला व जमीन ज्याच्या त्याच्या पैशाप्रमाणे लांबट पट्ट्यांत मापून वाटून घेतली. पहिल्या बागेचे उत्पन्न दुसरी जमीन घेण्यात घातले, दुसरीचे तिसरीत. नदीवर पूल नव्हता तेथे काहींनी पदरच्या पैशाने ठेकेदार लावून पूल बांधवले. या लोकांना भांडवलदार म्हणावे, कुणबी म्हणू नये, असा पॉली हिलचा निष्कर्ष आहे. (हीच विदुषी पुढे आपल्या शेजारच्या कर्नाटकात येऊन तेथील खेड्यांचाही अभ्यास करून गेली, हे वाचकांस कदाचित ठाऊक नसेल.)

एक गोष्ट मात्र येथेच नमूद केली पाहिजे. या बागांत राबणारा मजूर बहुधा उत्तरेकडच्या रुक्ष माळरानातून व फ्रेंच अमलाखालच्या अपर व्होल्टातून येई. पिकाचा तिसरा हिस्सा घेऊन बाग राखण्याची जी पद्धत तेथे रूढ झाली तिला अबुसा म्हणतात. दक्षिणेत कोको, सोने, शाळा, आगगाडी. उत्तरेत केवळ माणसे, आणि तीही दक्षिणेस पाठवण्यासाठी. स्वराज्य मिळाले तरी या विषमतेत फारसा फरक पडला नाही. बायकांची अवस्थाही वेगळी नव्हती. अकान लोकांत वारसा आईच्या कुळाकडून जातो. त्यामुळे नवऱ्याच्या बागेत वीस वर्षे खपलेली बाई, तो मेला की, रिकाम्या हाताने माहेरी जाई, आणि बाग त्याच्या भाच्याकडे. यास कायद्याने आळा घातला गेला तो १९८५ मध्ये.

शेतकऱ्याने पिकवले, तरी भाव ठरवणारे दुसरेच. कोको खरेदी करणाऱ्या गोऱ्या कंपन्या मोजक्या होत्या. १९३७ मध्ये युनायटेड आफ्रिका कंपनी, कॅडबरी वगैरे कंपन्यांनी आपापसांत करार केला की, एकमेकांवर चढाओढीने भाव द्यायचा नाही. शेतकऱ्यांस हे कळताच त्यांनी कोको विकण्याचे थांबवले आणि विलायती माल घेणेही सोडले. राजे, अडते, बागाईतदार, सर्व एक झाले. १९३८ च्या एप्रिलपर्यंत हा असहकार चालला. इंग्रज सरकारने नेमलेल्या नॉवेल कमिशनने कंपन्यांचा करार मोडावा असेच मत दिले. येथवर शेतकऱ्याची सरशी होती. पण लगेच महायुद्ध सुरू झाले, जहाजे मिळेनात, आणि सरकारने सर्व कोको स्वतः खरेदी करण्यास आरंभ केला. युद्ध संपले तरी ही व्यवस्था संपली नाही. १९४७ मध्ये कोको मार्केटिंग बोर्ड स्थापन झाले. जगाच्या बाजारात भाव चढला असता शेतकऱ्यास थोडे कमी द्यावे, उरेल ते साठवावे, आणि भाव पडेल तेव्हा त्या साठ्यातून भर घालावी, ही त्यामागची कल्पना. कल्पना निर्दोष होती. साठा करण्याचा पूर्वार्ध तर बोर्डाने मोठ्या निष्ठेने पाळला.

याच सुमारास बागांवर एक रोग आला. झाडाचे शेंडे व फांद्या सुजतात, पाने पिवळी पडतात आणि दोनतीन वर्षांत झाड मरते. पिठ्या ढेकणांच्या मार्फत हा रोग या झाडावरून त्या झाडावर जातो. औषध नाही. झाड तोडणे एवढाच उपाय, आणि तोही रोगट झाडाच्या शेजारची, दिसण्यात धडधाकट झाडेही तोडण्याचा. सरकारी माणसे कोयते घेऊन बागेत शिरू लागली. वरवर पाहता झाड फळांनी लहडलेले आहे, त्यावर मुलाच्या शाळेची फी अवलंबून आहे, आणि सरकार म्हणते तोडा. शास्त्र सरकारच्या बाजूचे होते, पण शेतकऱ्याने विश्वास तरी कशावरून ठेवावा? दहा वर्षांपूर्वी ज्या राज्यात कंपन्यांनी त्यास लुबाडण्याचा बेत केला, तेच हे राज्य. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अक्रा येथे युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार होऊन तिघे ठार झाले आणि दंगल उसळली, तेव्हा त्या असंतोषाच्या कारणांत तोडलेल्या झाडांचाही समावेश आहे असे चौकशी करणाऱ्यांस आढळले. क्वामे एन्क्रुमा यांच्या पक्षाचा उदय या असंतोषातून झाला. १९५१ मध्ये एन्क्रुमा तुरुंगातून थेट मंत्रिमंडळाच्या प्रमुखपदी आले.

नव्या सरकारने प्रथम एक शहाणपणाची गोष्ट केली. सेंट लूशिया या वेस्ट इंडीजमधील बेटावर जन्मलेले आर्थर लुईस हे त्या वेळी मँचेस्टरला प्राध्यापक होते. पुढे १९७९ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. गोल्ड कोस्टमध्ये कारखानदारी कशी वाढवावी, हे त्यांस विचारण्यात आले. १९५३ मध्ये त्यांनी जे उत्तर दिले ते विचारणाऱ्यांस बहुधा अपेक्षित नव्हते. कारखान्यांचा विचार मागाहून करा, असे लुईस म्हणाले; पहिले लक्ष अन्नाच्या शेतीकडे द्या. कोकोची नव्हे, अन्नाची शेती. म्हणजे कसावा, मका, केळी, आणि कोनफळाच्या जातीचा यॅम. (कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपल्याकडचा उपासाचा साबुदाणा होतो तेच झाड.) यामागची विचारसरणी अशी. शेतकरी आपल्यापुरतेच कसेबसे पिकवीत असेल तर शहरातल्या कामगारास खायला कोण घालणार? अन्न महाग झाले की मजुरी चढते, मजुरी चढली की कारखान्याचा माल परदेशी मालापुढे टिकत नाही. शिवाय तो माल घेणारे गिऱ्हाईक तरी कोण? देशातले बहुसंख्य लोक शेतकरीच ना? त्याच्या गाठी चार पैसे उरले तर तो कापड घेईल, पत्रा घेईल, सायकल घेईल. म्हणून आधी एकराला अधिक अन्न पिकवा. तोवर रस्ते, पाणी, वीज, शिक्षण एवढ्यावर सरकारने खर्च करावा. सरकारी पैसा मोठ्या प्रमाणावर कारखान्यांत घालण्याची वेळ येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागतील.

हा सल्ला एन्क्रुमा यांस पटला नाही. तो ऐकावयासही कठीण होता, हे कबूल केले पाहिजे. इंग्रजांनी शंभर वर्षे जे सांगितले, की तुम्ही शेती करा, कारखाने आमच्याकडे आहेत, तेच एका काळ्या प्राध्यापकाच्या मुखाने पुन्हा ऐकल्यासारखे पुष्कळांस वाटले असेल. स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या राष्ट्रास आपल्या पुढाऱ्याने कोनफळाचे पीक वाढवण्याची आज्ञा द्यावी, यात उत्साह कोठून यावा? लुईस १९५७ मध्ये स्वतंत्र घानाचे सल्लागार म्हणून गेले आणि पुढच्याच वर्षी तेथून निघाले.

आता पैसा कोठून आणावयाचा? तो बोर्डाच्या तिजोरीत होताच. १९५४ मध्ये लंडनच्या बाजारात कोकोचा भाव टनास ४०० पौंडांच्या वर गेला. त्याच वर्षी सरकारने कायदा करून शेतकऱ्यास मिळावयाचा भाव ६० रत्तलांच्या ओझ्यास ७२ शिलिंग असा पक्का केला. वाचकांनी हिशेब करून पाहावा. टनाला तो सुमारे १३४ पौंड पडतो. बाकीचे राष्ट्राच्या उभारणीस. कुमासीत लवकरच सरकारविरुद्ध नवा पक्ष निघाला आणि कोकोचे झाड ही त्याने आपली निशाणी केली. निवडणुकीत तो हरला. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला तेव्हा लंडनमध्ये त्याच्या नावावर सुमारे २० कोटी पौंड शिल्लक होते. १९६० च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या ६७ लाख. आफ्रिकेत इतक्या भरल्या हाताने स्वराज्यात शिरलेला देश क्वचितच असेल.

शेतकऱ्यावर कर बसवला हेच चुकले, असे म्हणणारे पुष्कळ विद्वान आहेत. आम्ही त्यांच्यातले नव्हे. शेतीवाचून दुसरे उत्पन्न नसलेल्या देशाने शेतीवर कर बसवू नये तर कशावर बसवावा? जपानने हेच केले. मेइजी सरकारने १८७३ मध्ये जमिनीच्या किमतीवर शेकडा तीन असा सारा बसवला, तो कठोर होता, त्यासाठी दंगेही झाले. पण त्या पैशावर जपानच्या शाळा, आगगाड्या व कारखाने उभे राहिले. मात्र जपानचा सारा जमिनीवर होता, पिकावर नव्हता. ज्याने खत घालून दुप्पट भात काढला त्याचा सारा वाढला नाही; जास्तीचे भात त्याच्या घरात राहिले. घानात प्रत्येक ओझ्यामागे कपात. जो अधिक पिकवील त्याचे अधिक जाणार, आणि जो कंटाळून बाग टाकून शहरात जाईल त्याचे काहीच जाणार नाही. दोन्ही देशांनी शेतकऱ्याकडून घेतले. एकाने घेताना त्याला मेहनत करण्यास कारण ठेवले, दुसऱ्याने ते काढून घेतले.

एन्क्रुमा यांच्या कारकिर्दीत काहीच भले झाले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. शाळा झपाट्याने वाढल्या, टेमा येथे नवे बंदर झाले, व्होल्टा नदीवर अकोसोंबोचे धरण झाले, आणि त्याची वीज देशास अद्यापि मिळते. धरणाचे पाणी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर जमिनीवर पसरले, ८० हजारांच्या आसपास माणसे उठवावी लागली. पण त्या विजेवर चालणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कारखान्याचा करार पाहावा. घानाच्या स्वतःच्या डोंगरांत बॉक्साइट आहे, तरी कारखान्यात वापरावयाचा कच्चा माल परदेशातून आणावयाचा. वीज मात्र अत्यंत स्वस्त दराने, तीस वर्षांसाठी बांधून दिलेली. धरण घानाचे, पाण्याखाली गेलेली शेते घानाची, नफा अमेरिकन कंपनीचा!

आणि बाकीचे कारखाने? त्यांपैकी एकाची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आंब्याची आहे. देशाच्या पश्चिम भागात वेंची येथे वर्षाला ७,००० टन आंबे व ५,३०० टन टोमॅटो डबाबंद करण्याचा कारखाना योजण्यात आला. तज्ज्ञांनी टिपणात लिहिले की, एवढ्या आंब्यांस १,४०० एकर आमराई लागेल. सध्या त्या भागात आंब्याची थोडी झाडे रानात इकडेतिकडे आहेत. आणि नवी लावली तर फळ धरण्यास पाच ते सात वर्षे लागतात. शिवाय हा एकच कारखाना जेवढे डबाबंद आंबे काढणार होता, तेवढे साऱ्या जगाच्या व्यापारातही खपत नव्हते. रत्नागिरीच्या कोणत्याही आजीबाईंनी हा हिशेब पडवीत बसून सांगितला असता! टोनी किलिक यांनी त्या काळच्या घानाच्या अर्थकारणावर लिहिलेल्या ग्रंथात हे टिपण उद्धृत केले आहे. सरकारी शेतेही निघाली. ट्रॅक्टर रशियाहून आले, सुटे भाग आले नाहीत, आणि पगारी मजूर दर माणशी जितके पिकवी त्याहून कोयत्याने काम करणारा साधा शेतकरी अधिक पिकवीत राहिला.

इकडे पैशाची ओढ वाढली तसा शेतकऱ्याचा भाव उतरत गेला. १९५९ मध्ये सरकारपक्षाच्या शेतकरी संघटनेने, शेतकऱ्यांच्या वतीने, ओझ्यामागे १२ शिलिंग राष्ट्रास स्वेच्छेने अर्पण केले. ज्यांची स्वेच्छा होती त्यांस ती वर्तमानपत्रातून समजली असावी. ७२ चे ६० झाले. १९६१ मध्ये याच संघटनेस खरेदीचा मक्ता मिळाला आणि शेतकऱ्यांनी चालवलेल्या जुन्या सहकारी संस्था मोडल्या गेल्या. १९६५ मध्ये भाव ४० शिलिंगांवर आला.

परंतु येथे एक असा फसवा प्रकार घडला की त्याने शहाण्यांचीही दिशाभूल व्हावी. भाव उतरत असताना पीक वाढत होते! १९६४-६५ साली साडेपाच लाख टनांहून अधिक कोको निघाला. तेवढा पूर्वी कधी निघाला नव्हता. राज्यकर्त्यांनी मानले की भाव कमी दिला तरी शेतकरी पिकवतोच. वस्तुतः कोकोचे झाड लावल्यापासून चारपाच वर्षांनी फळ धरू लागते, पंधरावीस वर्षांचे झाले म्हणजे भरात येते आणि पुढेही पुष्कळ वर्षे फळत राहते. १९६४ चे पीक हे १९५० च्या सुमारास, भाव बरा असताना, लावलेल्या झाडांचे होते. ती झाडे आता उपटून कोण टाकणार? शेतकरी फळे तोडीत राहिला. नवी झाडे मात्र त्याने लावली नाहीत. आणि न लावलेले झाड कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसत नाही. १९६५ मध्ये जगाचा भावही टनास १०० पौंडांच्या खाली कोसळला. ज्या दिवसासाठी साठा करावयाचा होता तो दिवस आला तेव्हा साठा उरला नव्हता. २२ जानेवारी १९६६ रोजी एन्क्रुमा यांनी अकोसोंबोच्या विजेचे उद्घाटन केले. २४ फेब्रुवारीस, ते परदेशी असताना, लष्कराने त्यांस पदच्युत केले.

शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये या काळात दुसराच प्रयोग चालला होता. तेथील पुढारी हुफुए-ब्वान्यी हे स्वतः कोकोचे बागाईतदार, शेतकऱ्यांच्या संघाचे संस्थापक. १९५७ च्या एप्रिलमध्ये एन्क्रुमा त्यांच्या भेटीस गेले असता दोघांत पैज लागली: दहा वर्षांनी पाहू, कोण पुढे गेला ते. हुफुए-ब्वान्यी यांनीही शेतकऱ्याकडून घेतले, पण जरा बेताने. जो अरण्य तोडून कसेल त्याची जमीन, असे जाहीर केले. बाहेरच्या मजुरांस येऊ दिले. १९७० नंतरच्या दशकात त्यांचा देश कोकोत घानाच्या पुढे गेला. पैज ते जिंकले असेच लोक म्हणू लागले. तथापि १९८७ मध्ये आयव्हरी कोस्टला कर्जाचे हप्ते थांबवावे लागले. नंतर भाव चढावा म्हणून कोको रोखून धरण्याचा प्रयत्न फसला. १९९० मध्ये त्यांच्या जन्मगावी रोमच्या तोडीच्या प्रचंड चर्चचे उद्घाटन मात्र झाले. आणि कसणाऱ्याची जमीन की मूळ रहिवाशाची, हा बुजवून ठेवलेला प्रश्न २००२ च्या यादवीत वर आला. पैजेचा निकाल अजून लागावयाचा आहे, असे आम्ही समजतो.

एन्क्रुमा गेले, पण त्यांच्यामागून आलेल्यांनी बोर्ड तसेच ठेवले. १९६९ मध्ये बुसिया यांच्या सरकारने परवाना नसलेल्या परदेशीयांस देशाबाहेर काढले. त्यात बागांत राबणारे असंख्य मजूर होते. १९७२ मध्ये सत्ता घेणाऱ्या आचेम्पाँग यांनी आपले अन्न आपण पिकवू अशी मोहीम काढली, लुईसचा सल्ला उशिरा का होईना आठवला असे क्षणभर वाटावे. पण नोटा छापण्याचा वेग पिकाच्या वेगाहून अधिक होता, आणि १९७७ मध्ये वर्षभरात महागाई शेकडा शंभरावर वाढली. १९७८ पासून सरकारी दराने एका डॉलरास पावणेतीन सेडी मिळत. काळ्या बाजारात त्याच्या अनेक पटी. बोर्ड शेतकऱ्यास सेडीत पैसे देई, व त्या सेडीत बाजारात साबण मिळत नसे, काडेपेटी मिळत नसे, कोयताही मिळत नसे. मग रात्रीच्या वेळी पोती सरहद्दीपलीकडे आयव्हरी कोस्टात व टोगोत जाऊ लागली. सरकार यास देशद्रोह म्हणे. १९८२ मध्ये आडगावांत अडकून पडलेली पोती बंदरास आणण्यासाठी विश्वविद्यालयांतले विद्यार्थी पाठवावे लागले, कारण मोटारींस टायर नव्हते.

१९८३ हे वर्ष घानातील वृद्ध अद्यापि विसरत नाहीत. पाऊस गेला, वणव्यांत कोकोच्या बागा जळाल्या, आणि त्याच जानेवारीत नायजेरियाने सुमारे दहा लाख घानावासीयांस घालवून दिले. भुकेने खांद्याची हाडे वर येत, त्यास लोक त्या वेळचे सत्ताधारी रॉलिंग्ज यांचे नाव देऊन ‘रॉलिंग्जचा हार’ म्हणू लागले. १९८३-८४ चे कोकोचे पीक १ लाख ५८ हजार टन भरले. वीस वर्षांपूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. न लावलेली झाडे आता तक्त्यात दिसू लागली होती.

रॉलिंग्ज हे क्रांतीच्या घोषणा देत आलेले वैमानिक. त्यांनीच १९८३ च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सेडीचा भाव उतरवला व कोकोचा भाव चढवला. बोर्डाच्या पगारपत्रकावरील माणसे लाखाच्या घरात गेली होती; त्यांत जगात नसलेल्यांची हजारो नावे निघाली, ती कमी झाली. या औषधाची कडू बाजूही होती. दवाखान्यात व शाळेत फी बसली, नोकऱ्या गेल्या, शहरातील गरिबांचे हाल झाले. पण शेतकऱ्याने पुन्हा झाडे लावली. पीक १९९० च्या अगोदरच तीन लाख टनांच्या घरात आले, आणि २०१०-११ मध्ये दहा लाख टनांपलीकडे गेले. दारिद्र्यरेषेखालची लोकसंख्या १९९१-९२ मध्ये शेकडा ५१.७ होती ती २००५-०६ मध्ये शेकडा २८.५ झाली. कोकोच्या प्रदेशात ही घट ठळक होती. उत्तरेच्या माळावर फार थोडी. आफ्रिकेतील शेतकरी भावास दाद देत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे अवश्य पाहावेत.

तरी संपन्नता अजून दूरच राहिली. कोकोचे बी परदेशी जाते आणि चॉकलेटच्या किमतीतील फार लहान भाग गावात परत येतो. २०१० पासून समुद्रातले खनिज तेल निघू लागले, तेलाच्या आशेवर कर्जे निघाली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवली. बोर्ड अद्यापि आहे. पुढील हंगामाचे पीक आगाऊ विकून त्या करारावर परदेशी बँकांतून उचल घ्यावयाची, अशी त्याची रीत १९९० नंतरच्या दशकात पडली. २०२४ च्या मार्चमध्ये जगाच्या बाजारात कोको टनास १०,००० डॉलरांपलीकडे गेला, एवढा भाव कोणी कधी पाहिला नव्हता. पण घानाचा पुष्कळसा माल पूर्वीच्या स्वस्त भावाने बांधला गेलेला होता. शेतकऱ्याच्या हाती चढ्या भावातले थोडेच आले, आणि सरहद्दीवर रात्रीची वाहतूक पुन्हा सुरू झाली.

त्या हंगामाचे पीकही २०१०-११ च्या निम्म्याच्या आसपास उतरले. पाऊस बिघडला, झाडे म्हातारी झाली, आणि ज्या रोगाने १९४८ मध्ये राज्य हादरवले होते तोच शेंडे सुजण्याचा रोग मोठ्या प्रदेशात परत आला. उपाय अजूनही तोच आहे: झाड तोडणे. सरकार आता तोडलेल्या बागेची भरपाई देते व नवी रोपेही देते. पण रोपास फळ धरेपर्यंत चारपाच वर्षे काढावयाची आहेत. दरम्यान त्याच बागेत सोने आहे असे सांगणारा मनुष्य दाराशी येतो. परवाना नसलेल्या अशा खाणकामास तेथे गलामसे म्हणतात. तो जमिनीचे पैसे रोख मोजतो, यंत्राने माती उकरतो, ओढ्याचे पाणी गढूळ करून निघून जातो, आणि त्या खड्ड्यांत पुन्हा कोको लागत नाही. अक्वापिमच्या लोकांनी ज्या अकिमच्या अरण्यात पैसे साठवून जमीन घेतली होती, त्याच भागातील शेतकऱ्यास आज हा सौदा करावा की न करावा हे ठरवावयाचे आहे; आणि बोर्ड पुढील हंगामास काय भाव जाहीर करील, हे त्यास ठाऊक नाही.